राणीची बाग: आधी पेंग्विन, मग झाडं, शेवटी संग्रहालय

भायखळ्याच्या राणीच्या बागेत एका आवारात तीन गोष्टी आहेत: प्राणिसंग्रहालय, दीडशे वर्षांहून जुनी वनस्पती बाग आणि मुंबईतलं सर्वात जुनं संग्रहालय. येणाऱ्यांपैकी बरेच जण यातली पहिली अर्धी बघतात आणि घरी जातात. रविवारी बारा वाजता यायचं, पेंग्विनच्या रांगेत उभं राहायचं, वाघ झोपलेला बघायचा, मुलं रडायला लागली की निघायचं, असा तो ठरलेला क्रम. मग बाग कंटाळवाणी वाटते. दोष बागेचा कमी आणि वेळेचा व क्रमाचा जास्त असतो. तोच दिवस साडेनऊला सुरू केला आणि क्रम बदलला, तर इतक्या कमी पैशांत इतकं भरघोस बघायला मिळणारी दुसरी जागा मुंबईत सापडणं कठीण आहे.

आधी तिकिटाचं. बागेचं तिकीट मोठ्यांना ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५ रुपये. पण आई-वडील आणि दोन मुलं अशा चौघांचं कुटुंब-तिकीट १०० रुपयांत मिळतं. खिडकीवर ते मागून घ्यावं, कारण सुटी तिकिटं काढली तर तेच चौघं दीडशेला पडतात. ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांगांना प्रवेश मोफत आहे. त्यासाठी ओळखपत्र जवळ हवं, नुसत्या पांढऱ्या केसांवर भिस्त ठेवू नये. संग्रहालयाचं तिकीट वेगळं आणि अगदी नाममात्र आहे. तिकीट ऑनलाइनही काढता येतं. मे महिन्यातल्या आणि दिवाळीतल्या रविवारी ते काढूनच निघावं, नाहीतर सकाळचा सगळ्यात चांगला अर्धा तास खिडकीपुढे जातो.

बाग सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, पण तिकीट खिडकी त्याआधीच बंद होते. साडेचारनंतर तिकीट मिळेल यावर विसंबू नये. बुधवारी बाग बंद, संग्रहालयही बंद. यात एक मेख आहे. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद करतात. आजी-आजोबांना घेऊन गुरुवारी फाटकापर्यंत येऊन परतणारी कुटुंबं असतात ती यामुळेच. आठवड्यात सुट्टी आली असेल तर निघण्याआधी तपासून घ्यावं.

भायखळा मध्य रेल्वेवर आहे, पण तिथे सगळ्या जलद गाड्या थांबत नाहीत. धीमी गाडी पकडली की प्रश्न नाही. दहा किलोमीटरपर्यंतचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट ५ रुपये, म्हणजे सीएसएमटी किंवा दादरहून येणाऱ्याचा प्रवासखर्च जवळजवळ नसल्यातच जमा. उतरल्यावर लगेच बाहेर धावू नका. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली त्याच मार्गावरचं हे स्थानक आहे. त्याची जुनी इमारत अलीकडे निगुतीनं दुरुस्त केली गेली आणि त्या कामाला युनेस्कोचा २०२२चा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. पाच मिनिटं थांबून खिडक्या, लोखंडी काम आणि छत बघितलं तर दिवसाची सुरुवात फुकटात होते. मग पूर्वेला बाहेर पडून डॉ. आंबेडकर मार्गाने दहा-बारा मिनिटं चालत फाटक येतं. बरोबर वयस्कर माणसं असतील तर टॅक्सी करावी, किमान भाड्यात काम होतं. चालण्याची ताकद आत लागणार आहे. पन्नासहून जास्त एकरांची जागा आहे आणि सगळं फिरायचं तर सहज तीन-चार किलोमीटर होतात. मुलांच्या पायात नवे बूट घालून आणू नयेत.

आत शिरल्यावर थेट पेंग्विनकडे जावं. पेंग्विन हे बागेचं सर्वस्व आहे म्हणून नाही, तर तिथली रांग दर पंधरा मिनिटांनी वाढत जाते म्हणून. पहिल्या अर्ध्या तासात काचेसमोर निवांत उभं राहता येतं. अकरानंतर मागची गर्दी पुढे ढकलत राहते आणि मूल काचेपर्यंत पोचेतो पुढे सरकावं लागतं. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आहेत. पहिली तुकडी २०१६ साली सोलहून आली आणि २०१७च्या मार्चपासून लोकांना बघता येऊ लागली. आत बर्फ का नाही, असं मुलं हमखास विचारतात. उत्तर आधीच ठाऊक असलेलं बरं: हे पक्षी दक्षिण ध्रुवाचे नाहीत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत. तिथल्या समुद्रात थंड प्रवाह वाहतो, पण किनारा खडकाळ आणि कोरडा असतो. म्हणून कक्षाचं तापमान सुमारे १६ ते १८ अंशांवर ठेवतात, गोठणबिंदूवर नाही. मुलांना पाण्याच्या पातळीखालच्या काचेपाशी उभं करावं. जमिनीवर धडपडत चालणारा हा पक्षी पाण्यात काय वेगाने वळतो, हे तिथेच कळतं. फ्लॅश बंद ठेवावा. काचेवर टाकलेला फ्लॅश फोटोत पांढरा डाग होऊन परत येतो आणि पक्ष्यांना त्रास होतो तो वेगळाच.

तिथून निघून वाघ, बिबट्या, अस्वल हे साडेअकराच्या आत उरकावं. मांसाहारी प्राणी उन्हात हलत नाहीत. दुपारी त्यांनी सावलीचा कोपरा धरला की तासभर उभं राहिलं तरी शेपटीपलीकडे काही दिसत नाही. यात कुणाची चूक नाही, जंगलातही ते हेच करतात. काचेतून बघताना आणखी एक अडचण येते, ती प्रतिबिंबाची. ऊन तुमच्या पाठीमागून येत असेल तर काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो. अशा वेळी काचेला जवळजवळ चिकटून उभं राहावं आणि डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हाताचे तळवे आडवे धरावेत. मोबाइलची भिंगही काचेला टेकवावी. एवढ्यानं फोटो सुधारतो. पाणघोडा मात्र उलट आहे. तो दुपारी पाण्यात असतो आणि फक्त नाकपुड्या, डोळे, कान वर ठेवतो. हे तीनही अवयव डोक्याच्या वरच्या बाजूला एका रेषेत का आहेत, हे मुलांना तिथेच दाखवता येतं. मुक्त पक्षीविहारात जाळीच्या आत आपण चालतो आणि पक्षी मोकळे असतात. तिथे घाईघाईने पलीकडच्या दारातून बाहेर पडू नये. एका जागी पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की दुप्पट पक्षी दिसतात.

आता झाडं. खरं सांगायचं तर या बागेचं मोल इथे आहे. प्राणी जगातल्या अनेक शहरांत आहेत, पण भर वस्तीत इतक्या जातींची, इतकी जुनी झाडं एकत्र मिळणं दुर्मिळ. बाग १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन्स या नावाने लोकांसाठी उघडली. राणीची बाग हे नाव त्या राणीवरून पडलं आणि पुढे नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, तरी लोकांच्या तोंडी ‘राणीची बाग’ राहिली ती राहिलीच. प्राणी पुढे आले, आधी होती ती झाडं. हा क्रम बागेत फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवला तर पाय आपोआप हळू होतात.

गोरखचिंच ओळखायला सोपी, कारण तिच्यासारखं खोड दुसऱ्या कुणाचं नसतं. बुंधा फुगलेला, हत्तीच्या पायासारखा राखाडी. आतलं लाकूड स्पंजासारखं मऊ असतं आणि त्यात पाणी साठतं. मूळ आफ्रिकेतलं हे झाड कोरड्या महिन्यांत पानं टाकून उघडंबोडकं उभं असतं. मेलेलं झाड समजून कुणी पुढे जाऊ नये. पावसाच्या तोंडावर पालवी येते आणि मोठी पांढरी फुलं येतात. ती रात्री उमलतात, कारण त्यांचं परागीभवन करायला वटवाघळं येतात. सकाळी खाली पडलेलं फूल मिळालं तर हातात घेऊन बघावं.

कैलासपतीच्या झाडाखाली मात्र उभं राहू नये, थोडं लांबून बघावं. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झाडाची फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटलेल्या दोरखंडासारख्या देठांवर येतात. फुलाच्या आत एक भाग फण्यासारखा पुढे झुकलेला आणि खाली पिंडीसारखा उंचवटा असतो, त्यावरून आपल्याकडे हे नाव पडलं. सुगंध जबरदस्त असतो. फळ मात्र तोफगोळ्याएवढं, कडक कवचाचं आणि चांगलंच वजनदार. ते वरून निसटलं तर डोकं फुटेल. पडून फुटलेल्या फळाचा वास घाण असतो. फुलाच्या ओढीने जवळ गेलेली मुलं तो आल्यावर नाक धरून पळतात.

कृष्णवड शोधायचा तर पान बघायचं. वडाच्याच कुळातलं झाड, पण पानाच्या बुडाशी कडा जुळून द्रोणासारखा खिसा झालेला. कृष्णाने लोणी ठेवायला पान दुमडलं ही त्यामागची कथा. सांगायला ती उत्तम आहेच, पण पान हातात घेऊन खिसा तपासायला लावलं की मूल ते झाड आयुष्यभर विसरत नाही. झाडावरचं पान तोडायची गरज नाही, खाली गळलेली पडलेली असतात.

सीता अशोकाबाबत बहुतेक मोठी माणसंही चुकतात. सोसायटीच्या कुंपणालगत सरळ उंच, खाली झुकलेल्या पानांचं जे झाड असतं त्याला आपण अशोक म्हणतो. तो खरा अशोक नव्हे. खरा अशोक बसका, पसरट, आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास जुन्या फांद्यांवर नारिंगी-तांबड्या फुलांचे गेंद घेऊन उभा असतो. याची कोवळी पानं तांबूस आणि लुळी लोंबती असतात, जणू पाणी न मिळाल्याने कोमेजली. हीच खूण उर्वशीचीही. म्यानमारच्या अरण्यातलं हे झाड भारतात फार थोड्या ठिकाणी टिकलं आहे आणि राणीच्या बागेत आहे. हिवाळा सरता सरता ते फुलतं, तेव्हा किरमिजी रंगाचे, पिवळे ठिपके असलेल्या पाकळ्यांचे लांब घोस छताच्या झुंबरासारखे खाली लोंबतात. जगातल्या सर्वात देखण्या फुलझाडांत त्याची गणना होते, आणि पेंग्विनच्या रांगेतल्या शंभरातल्या एकालाही ते इथे आहे याची खबर नसते, याचं वाईट वाटतं. बागेच्या कर्मचाऱ्यांना, विशेषतः माळ्यांना, ‘उर्वशी कुठे आहे?’ असं सरळ विचारावं. पाट्यांच्या नादी लागण्यापेक्षा हा मार्ग जवळचा.

झाडांसाठी अकरा ते साडेबारा ही वेळ चांगली, कारण तेव्हा ऊन चढलेलं असतं आणि सावलीत चालणं हाच फायद्याचा भाग ठरतो. फिरताना एक काळा घोडाही भेटेल. घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा. हा पुतळा १८७९ साली ज्या चौकात उभा राहिला त्याला लोक काळा घोडा म्हणू लागले. १९६५ साली पुतळा तिथून हलवून इथे आणला, पण चौकाचं नाव गेलं नाही. काळा घोडा परिसरात घोडा शोधणाऱ्याला खरा घोडा भायखळ्याला सापडतो. चौकात आता आहे तो बिनस्वाराचा नवा घोडा.

बागेतून निघण्याआधी पाणी भरून घ्यावं, स्वच्छतागृह गाठावं आणि मगच संग्रहालयाकडे वळावं. एकदा बाहेर पडल्यावर तेच तिकीट पुन्हा चालेल असं गृहीत धरू नका. म्हणूनच संग्रहालय शेवटी. दुसरं कारण असं की एक ते तीन हे तास उन्हाचे. तेवढा वेळ छपराखाली काढायला यापेक्षा सुंदर छप्पर शहरात मोजकीच आहेत.

पण आत जाण्याआधी बाहेरच्या दगडी हत्तीपाशी थांबा. घारापुरी बेटावर हा हत्ती होता आणि पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना यारीची, म्हणजे क्रेनची, साखळी तुटली आणि हत्ती खाली पडून तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. अंगावरचे सांधे नीट बघितले तर दिसतात. मुलांना सांधे मोजायला लावावेत. घारापुरीला जाऊन आलेल्यांना तिथे हत्ती का नाही, याचं उत्तर इथे मिळतं. जवळच डेव्हिड ससून यांचा घड्याळाचा मनोरा आहे, त्याच्यासाठी दोन मिनिटं पुरतात.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडलं, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ साली डॉ. भाऊ दाजींचं नाव दिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर भाऊ दाजींनी या संग्रहालयासाठी पैसा आणि पाठिंबा उभा केला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे हे डॉक्टर, प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक आणि दोनदा मुंबईचे शेरीफ, म्हणजे शहराचे मानाचे पदाधिकारी. एका डॉक्टरचं नाव कलेच्या वास्तूला का, असं कुणी विचारलं तर एवढं सांगावं. पुढे इमारत जीर्ण झाली. २००३ पासून महापालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला. त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ साली वास्तू पुन्हा खुली झाली.

आत शिरल्यावर वस्तूंकडे लगेच जायचा मोह आवरावा. आधी दालनाच्या मध्यावर उभं राहून मान वर करावी. ओतीव लोखंडाचे खांब, सज्जाचे कठडे, रंगवलेलं छत, आणि पायाखाली इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या फरशा. समोर प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे, डेव्हिड ससून यांनी दिलेला. ससून हे बगदादहून आलेले ज्यू व्यापारी, म्हणून चौथऱ्यावर हिब्रू अक्षरंही कोरलेली आहेत. मुंबईत हिब्रू कोरीवकाम बघायला मिळण्याच्या मोजक्या जागांपैकी ही एक.

तळमजल्यावर धातूकाम, बिदरी (काळ्या धातूवर चांदीची नक्षी), हस्तिदंत, लाकडावरचं कोरीवकाम, मातीची भांडी आहेत. हे संग्रहालय राजेरजवाड्यांच्या खजिन्यासाठी नव्हे, तर इथल्या कारागिरांचा माल जगाला दाखवण्यासाठी सुरू झालं. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जमवलेल्या वस्तूंतून त्याचा आरंभ झाला. हे ध्यानात ठेवून बघितलं तर वस्तूंची निवड समजते. वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, आणि आमच्या मते अख्ख्या संग्रहालयाचा जीव तिथे आहे. वेगवेगळ्या समाजांचे पेहराव, धंदे, खेळ, गावातली कामं. प्रत्येक बाहुली वीतभर, पण पगडीचा पीळ आणि नऊवारीचा काष्टा नीट दिसेल इतकी बारीक घडवलेली. मुलांना हातात कागद देऊन सांगावं: पाच वेगवेगळ्या पगड्या शोध आणि काढ. आजी बरोबर असेल तर तिला धंदे ओळखायला लावावं. त्यातले अनेक तिने डोळ्यांनी पाहिलेले असतात आणि मग दालनातली खरी मार्गदर्शक तीच होते. पारशी दोखम्याची, म्हणजे जिथे पारशी मृतदेह पक्ष्यांसाठी ठेवतात त्या मनोऱ्याची, प्रतिकृतीही इथे आहे. प्रत्यक्ष दोखम्यात बाहेरच्यांना प्रवेश नसल्यामुळे त्याची रचना समजून घ्यायला तीच उपयोगी. मुंबईचे जुने नकाशे सावकाश वाचावेत. सात बेटं कुठे होती हे बघताना प्रत्येक जण आधी स्वतःचं घर पाण्यात होतं का हे शोधतो. एकूण दीड तास लागतो. मुलं सहा वर्षांखालची असतील तर पाऊण तास पुरे, त्यानंतर ओढाताण होते.

संग्रहालयामागच्या भागात ब्रिटिश काळातले, शहरातून हलवलेले पुतळे ठेवले आहेत. काहींची डोकी, हात तुटलेले आहेत. ज्यांना शहराच्या इतिहासात रस आहे त्यांनी चुकवू नये, बाकीच्यांनी सोडलं तरी चालेल.

ऋतूंचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये गर्मी वाढते पण अशोक आणि उर्वशी फुललेले मिळतात, म्हणून झाडांसाठी जाणाऱ्यांनी तेव्हाच जावं. जुलै-ऑगस्टमध्ये बाग हिरवीगार असते, मात्र वाटा शेवाळतात आणि डासांचा त्रास होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पकड असलेल्या चपला आणि छत्रीऐवजी रेनकोट बरा, कारण काचेपुढच्या गर्दीत उघड्या छत्र्या सगळ्यांच्याच डोळ्यांत जातात. मे महिन्यात लहान मुलांना घेऊन साडेबारानंतर बागेत थांबू नये.

आणि चुकून बुधवारीच भायखळ्याला उतरलात, फाटक बंद मिळालं, तर परत घरी जायची गरज नाही. धीम्या गाडीने सीएसएमटीला यावं आणि तिथून चालत किंवा बसने काळा घोडा गाठावा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे आहे. प्रवेश मोफत, अकरा ते सात, आणि प्रदर्शनं दर आठवड्याला बदलत असल्याने नेहमी काहीतरी नवं भिंतीवर असतं. अनेकदा चित्रकार स्वतः दालनात बसलेले असतात. त्यांना रंगांबद्दल, कॅनव्हासबद्दल विचारलं तर आनंदाने सांगतात. शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बुधवारीही उघडं असतं. त्याचं तिकीट राणीच्या बागेपेक्षा महाग आहे, म्हणून हातात निदान तीन तास असतील तरच ते काढावं.